शिक्का शहाद्याचाच हवा

२५ नोव्हेंबर १९९७. शहाद्याजवळ, सातपुड्याच्या पायथ्याच्या विरळ सागवनात तीन अमेरिकी पक्षी-अभ्यासक फिरत होते: पामेला रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड ॲबट. बेन किंग यांची नजर एका ठेंगण्या, भरीव अंगाच्या घुबडावर गेली आणि पक्षिशास्त्रातलं एक जुनं कोडं सुटलं. तो रानपिंगळा होता. त्याची त्याआधीची शेवटची खात्रीची नोंद १८८४ सालची. तीही याच भागातली, खान्देशात नोकरीला असलेल्या जेम्स डेव्हिडसन या इंग्रज मुलकी अधिकाऱ्यानं केलेली. मधल्या ११३ वर्षांत हा पक्षी संपला, असंच बहुतेकांनी धरून ठेवलं होतं.

शोध झालेच नव्हते, असं नाही. सलीम अली आणि डिलन रिप्ली यांच्यासारख्या मातब्बरांनीही रानपिंगळ्याचा माग काढला होता. पण त्यांच्या वाटेत एक खोटी चिठ्ठी आडवी आली होती. रिचर्ड माइनर्ट्‌झहागन या लष्करी अधिकाऱ्यानं आपल्या संग्रहातला रानपिंगळा १९१४ मध्ये गुजरातेत मांडवीला मिळवल्याचं लिहून ठेवलं होतं. रासमुसेन यांनी तो पेंढा भरलेला पक्षी बारकाईनं तपासला, तेव्हा तो डेव्हिडसननंच जमवलेला, लंडनच्या संग्रहालयातून चोरलेला आणि नव्यानं शिवलेला निघाला. पंख तेच, चोच तीच. बदलली होती फक्त पायाला बांधलेली चिठ्ठी. ठिकाण आणि तारीख खोटी पडली आणि शोधणारे भलत्याच रानात गेले. खोटी चिठ्ठी बाजूला काढून खऱ्या चिठ्ठ्यांवर विश्वास ठेवला, तेव्हा वाट थेट शहाद्याला आली.

ही गोष्ट पक्षिमित्रांना ठाऊक आहेच. पण टपालाची पाकिटं जमवणाऱ्या माणसाला ती ऐकवली, तर त्याला ती आपलीच वाटेल. वाघाचं, वटवाघळाचं किंवा वेरूळच्या लेण्याचं चित्र असलेलं तिकीट लाखोंच्या संख्येनं छापलं जातं आणि प्रत्येक तिकीट दुसऱ्यासारखंच असतं. त्याला वेगळेपण देतो तो त्यावर पडलेला गोल शिक्का. कुठल्या पोस्टाचा, कुठल्या तारखेचा? तिकीट धुऊन, सोडवून वहीत चिकटवलं की रंगीत चित्र हाती राहतं आणि ही साक्ष बादलीतल्या पाण्यात जाते. म्हणून जाणते संग्राहक अख्खं पाकीटच ठेवतात.

टपाल खात्याची अशी पाकिटं साधारण दोन प्रकारची. नवं तिकीट निघतं त्या दिवशीचं ते ‘प्रथम दिवस आवरण’, म्हणजे सगळ्यांच्या तोंडी असलेलं फर्स्ट डे कव्हर. दुसरं ‘विशेष आवरण’, स्पेशल कव्हर. यासाठी नवं तिकीट लागत नाही. एखादी संस्था राज्याच्या टपाल परिमंडळाकडे अर्ज करते, ठरलेलं शुल्क भरते, पाकिटावरचं चित्र आणि शिक्क्याचं रेखाटन मंजूर होतं आणि त्या एका दिवसापुरता खास शिक्का पाकिटांवर उमटतो. याशिवाय काही तीर्थक्षेत्रांच्या आणि पर्यटनस्थळांच्या पोस्टात कायमस्वरूपी सचित्र शिक्का असतो. कोणीही आपलं तिकीट लावलेलं पाकीट घेऊन जावं आणि तो मारून घ्यावा. तिकीट कोणाचं काढायचं हे दिल्लीत ठरतं. विशेष आवरण मात्र जिल्ह्यातून मागता येतं, आणि हाच खान्देशच्या हातातला धागा आहे.

शिक्का तिकिटापेक्षा किती मोठा होऊ शकतो, याचं ठळक उदाहरण अलाहाबादचं. १८ फेब्रुवारी १९११ रोजी आंरी पेके या फ्रेंच वैमानिकानं सुमारे साडेसहा हजार पत्रं विमानातून यमुनेपलीकडे नैनीला नेली. जगातली ही पहिली अधिकृत हवाई टपालफेरी. त्या पत्रांवरची तिकिटं रोजच्या वापरातलीच होती. जगभरचे संग्राहक आज त्या पाकिटांमागे धावतात ते विमानाचं चित्र असलेल्या, त्या दिवशीच्या खास शिक्क्यासाठी.

वारशाच्या बाबतीत भारतीय टपालानं सुरुवात मोठी देखणी केली होती. १५ ऑगस्ट १९४९ रोजी स्वतंत्र भारताची प्राचीन शिल्प-स्थापत्यावरची तिकीटमाला निघाली. तिच्यातलं सर्वांत कमी किमतीचं, तीन पैचं तिकीट अजिंठ्याचं होतं. म्हणजे ज्या लेण्यांना जाण्यासाठी देशोदेशीचे प्रवासी जळगाव स्टेशनात उतरत आले, त्यांचं चित्र गरिबातल्या गरिबाच्या पत्रावरही पोचलं. याच मालेतल्या एक आण्याच्या तिकिटावर बोधिसत्त्वाची मूर्ती उलटी, आरशात दिसावी तशी छापली गेली होती. ती चूक पुढच्या वर्षी दुरुस्त झाली. वन्यजीवांच्या तिकिटांना त्यानंतर जोर आला: १९६२ मध्ये गेंडा; १९६३ मध्ये गवा, पांडा, हत्ती, वाघ आणि सिंह. सलीम अलींच्या जन्मशताब्दीची तिकिटं नोव्हेंबर १९९६ मध्ये निघाली, तेव्हा रानपिंगळा हरवलेलाच होता. साधारण वर्षभरानं तो सापडला.

तिकिटांचा आणि संवर्धनाचा संबंध जगानं केव्हाच ओळखला आहे. आस्वान धरणाच्या पाण्याखाली जाणारी नूबियातली मंदिरं वाचवण्याची युनेस्कोची मोहीम १९६० मध्ये सुरू झाली, तेव्हा अनेक देशांनी त्यासाठी तिकिटं काढली. वर्ल्ड वाइड फंड फॉर नेचर या संस्थेनं १९८३ पासून धोक्यातल्या प्राण्यांची तिकिटं देशोदेशींच्या टपाल खात्यांकडून काढून घेतली. एवढ्यानं प्राणी वाचतात का, असा प्रश्न कोणी विचारला तर उत्तर सरळ आहे: पाकिटानं जंगल राखलं जात नाही, ते वनरक्षक आणि गावकरी राखतात. पण ज्या प्राण्याचं नावही जिल्ह्यातल्या पोरांना ठाऊक नाही, त्याच्यासाठी कोण बोलणार? रानपिंगळा जागतिक यादीत आजही संकटग्रस्त आहे. यावल अभयारण्यात तो आहे, तोरणमाळच्या बाजूला आहे. आणि जळगाव शहरातल्या कित्येक शाळांमध्ये त्याचं चित्र दाखवलं तर मुलं नुसतं ‘घुबड’ म्हणून मोकळी होतील.

आता मुद्द्याचं. बरीच विशेष आवरणं जिल्ह्याच्या किंवा राज्याच्या प्रदर्शनात, मोठ्या शहरातल्या सभागृहात प्रकाशित होतात. समारंभ नेटका होतो, पाहुणे येतात, पाकिटं खपतात. पण सातपुड्यातल्या पक्ष्याच्या पाकिटावर मुंबईचा शिक्का पडला, की त्या पाकिटाच्या पायाला भलतीच चिठ्ठी बांधली गेली असं समजावं. रानपिंगळ्याच्या पाकिटावर शिक्का शहाद्याचा हवा. मुक्ताईनगर तालुक्यात, डोलारखेडा-वढोद्याच्या बाजूला केळीच्या बागांतून वाघ वावरतो. त्या वाघाच्या पाकिटावर मुक्ताईनगरचा. पाटणादेवीच्या पाकिटावर चाळीसगावचा, लळिंग किल्ल्याच्या पाकिटावर धुळ्याचा, फरकांड्याच्या झुलत्या मनोऱ्यांच्या पाकिटावर एरंडोलचा. तालुक्याच्या पोस्टाचा शिक्का पुरे; घुबडाचं झाड किंवा ढोलीची जागा सांगू नये, तिथे गर्दी होऊन पक्ष्यालाच त्रास व्हायचा.

ठिकाणाचा हा आग्रह काही हौशी हट्ट नाही. खान्देशची नावं आणि सीमा किती वेळा बदलल्या ते पाहावं. १९०६ मध्ये एका खान्देशचे पूर्व आणि पश्चिम असे दोन जिल्हे झाले. जुन्या पत्रांवर ‘जि. पू. खानदेश’ असा पत्ता आढळतो, आणि धुळ्याच्या इंग्रजी शिक्क्यावर ‘धुलिया’. रानपिंगळा सापडला त्या दिवशी शहादा धुळे जिल्ह्यात होतं. १ जुलै १९९८ ला नंदुरबार वेगळा झाला आणि शहादा तिकडे गेलं. असा बदल एखाद्या घरातल्या पाकिटांच्या गठ्ठ्यात जसाच्या तसा वाचता येतो, तसा तो क्वचितच कुठे वाचायला मिळतो.

आणि तारखेचं महत्त्व धुळ्याला दुसऱ्या कोणी शिकवायला नको. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी गावोगावच्या वाड्यांतून, माळ्यांवरून मराठेशाहीची पत्रं गोळा केली. त्या पत्रांत महिना असतो, चंद्राची तारीख असते, साल मात्र पुष्कळदा नसतं. मजकुरातल्या आडवळणाच्या उल्लेखांवरून साल ठरवण्यात या माणसाचे किती दिवस गेले असतील! १८९८ मध्ये ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड आला तो याच मेहनतीतून. ३१ डिसेंबर १९२६ रोजी राजवाडे धुळ्यातच वारले आणि त्यांच्या नावाचं संशोधन मंडळ आज त्यांचा संग्रह सांभाळत आहे. ज्या गावानं एवढे कागद राखले, त्या गावात पोस्टाचा शिक्का असलेलं पाकीट रद्दीत जावं, हे बरं दिसत नाही.

विषयांची निवड कशी होते, हेही बोललं पाहिजे. अर्ज करायला संस्था लागते, शुल्क भरायला पैसे लागतात. त्यामुळे ज्याच्यामागे संस्था उभी आहे त्याचं पाकीट निघतं. वर्धापनदिनांची, सुवर्णमहोत्सवांची पाकिटं निघायला हरकत नाही. पण पिंगळा अर्ज करू शकत नाही आणि पडक्या किल्ल्याला कार्यकारिणी नसते. त्यांच्या वतीनं कोणीतरी उभं राहायला हवं. जळगावचं कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ, धुळ्याचं राजवाडे मंडळ, नगरपालिका, वन विभागाची यावल आणि धुळ्याची कार्यालयं, यांच्यापैकी एकेकानं वर्षाला एक पाकीट मनावर घेतलं, तरी दहा वर्षांत खान्देशचा चांगला जाडजूड संग्रह उभा राहील. २०२१ मध्ये टपाल खात्यानं भौगोलिक मानांकन मिळालेल्या वस्तूंवर देशभर विशेष आवरणं काढली. जळगावच्या केळीला आणि भरताच्या वांग्याला असं मानांकन २०१६ मध्येच मिळालेलं आहे. पिकाला जो मान मिळतो, तो त्या पिकाशेजारच्या रानालाही मिळावा.

संग्राहकांकडूनही एक अपेक्षा आहे. कोरं करकरीत पाकीट काउंटरवर घ्यायचं, शिक्का मारून घ्यायचा आणि सरळ प्लास्टिकच्या खिशात सरकवायचं, ही रीत सगळीकडे रुळली आहे. एक प्रत तशी जरूर ठेवावी. दुसरी मात्र पत्ता लिहून खरोखर पोस्टात टाकावी. यावलहून निघालेलं पाकीट धुळ्याच्या घरी पोचतं तेव्हा त्याला प्रवासाची घडी पडलेली असते, हाताळल्याच्या खुणा असतात. एखादा कोपरा दुमडेल, दुमडू दे. टपालानं न गेलेलं टपाल-पाकीट ही अर्धीच वस्तू आहे.

सांभाळण्याचं मात्र शास्त्र आहे, आणि खान्देशात ते जरा कडकच पाळावं लागतं. भुसावळ-जळगावचा मे महिना पंचेचाळीस अंशांच्या घरात जातो. पत्र्याच्या छपराखालच्या कपाटात पाकीट पिवळं पडतं, कडक होतं, घडीवर तुटतं. पावसाळ्यात उलट त्रास, तिकिटामागचा डिंक ओल धरतो आणि शेजारच्या पाकिटाला चिकटतो. कसर लागते ती वेगळीच. म्हणून पाकिटं उभी ठेवावीत, एकावर एक दाबून रचू नयेत. सेलोटेप अजिबात लावू नये, तिचा तपकिरी डाग कधीच निघत नाही. लॅमिनेशन तर पाकिटाचा जीवच घेतं. आतल्या भिंतीकडचं लाकडी कपाट, साधा आम्लविरहित कागद आणि वर्षातून दोनदा सावलीत वारा देणं, एवढं पुष्कळ.

पत्रंच कोण लिहितं आता, हा आक्षेप ठरलेला. तो खराही आहे. २०२५ पासून रजिस्टर पोस्ट ही वेगळी सेवा उरली नाही, ती स्पीड पोस्टात मिसळली. बहुतेक टपालावर आता तिकिटाऐवजी यंत्रातून निघालेली बारकोडची पट्टी येते. पण म्हणूनच हे काम आत्ता व्हायला हवं. हातानं शिक्का मारणारा पोस्टमास्तर तालुक्याच्या पोस्टात अजून आहे, शाईची गादी अजून ओली आहे.

मुलांना यात आणण्याची वाटही तयार आहे. टपाल खात्याची दीनदयाळ स्पर्श योजना २०१७ पासून चालू आहे. सहावी ते नववीच्या, तिकीटसंग्रह करणाऱ्या मुलांपैकी निवडलेल्यांना तिच्यात वर्षाला सहा हजार रुपयांची शिष्यवृत्ती मिळते. त्यासाठी शाळेत फिलाटेली क्लब हवा. तो नसेल तर मुलाच्या नावानं टपाल खात्यात फिलाटेलीचं ठेव खातं हवं, ते दोनशे रुपयांत उघडता येतं. चोपडा, शिरपूर, साक्री, अमळनेरच्या किती मुख्याध्यापकांनी हा अर्ज हाती घेतला आहे, हे त्यांनी स्वतःलाच विचारावं. अमळनेरला तर साने गुरुजी शिक्षक होते. १९३२ मध्ये धुळ्याच्या तुरुंगात विनोबांची गीतेवरची प्रवचनं त्यांनीच उतरून घेतली. विनोबांवर १९८३ मध्ये तिकीट निघालं, गुरुजींवर २००१ मध्ये. ही दोन तिकिटं शेजारी लावून, वर धुळ्याचा शिक्का घेतलेलं पाकीट कोणत्याही विद्यार्थ्याला स्वतः करता येईल. त्याला ना संस्था लागते, ना शुल्क.

तीन तारखा टिपून ठेवण्यासारख्या आहेत. ३१ डिसेंबर २०२६ रोजी राजवाड्यांच्या निधनाला शंभर वर्षं पूर्ण होतात. २५ नोव्हेंबर २०२७ रोजी रानपिंगळा सापडल्याला तीस वर्षं होतील. आणि धुळ्याच्या तुरुंगातलं पहिलं गीता प्रवचन २१ फेब्रुवारी १९३२ चं, त्याची शताब्दी २०३२ मध्ये आहे. अर्ज बऱ्याच आधी करावा लागतो. जळगाव, धुळे आणि नंदुरबारच्या संस्थांनी तो आताच लिहावा, आणि त्यात शिक्क्याचं ठिकाण म्हणून त्या त्या गावाच्या पोस्टाचं नाव घालावं.