चॅट्सवर्थची पागा

इंग्लंडांतील जुन्या हवेल्यांविषयीं लिहिणारे लोक बहुधा दिवाणखाने, चित्रें आणि छतावरील नक्षी यांचेंच वर्णन करितात. डर्बीशायरमधील चॅट्सवर्थ या डेव्हनशायरच्या ड्यूक घराण्याच्या दगडी वाड्याचीही तीच गत झाली आहे. आमचें मत थोडें निराळें आहे. हा वाडा समजून घ्यावयाचा असेल, तर वाचकांनीं आधीं त्याच्या ईशान्येस चढावर उभी असलेली पागा पाहावी.

वाड्याचा आरंभ १५५२ सालचा. परंतु आज दिसणारा त्याचा बराचसा भाग पहिल्या ड्यूकनें १६८७ ते १७०७ या वर्षांत उभारिला. पागा त्यानंतरची. चौथ्या ड्यूकला वाड्याकडे येण्याची वाट पश्चिमेकडून हवी होती. त्या बाजूची जुनी पागा व कामकाजाच्या इमारती त्यानें पाडविल्या, आणि १७५८ च्या सुमारास जेम्स पेन या शिल्पज्ञाकडून नवी पागा बांधविण्यास प्रारंभ केला. मध्यें प्रशस्त चौक व सभोंवतीं दुमजली इमारत, जवळजवळ आपल्याकडील चौसोपी वाड्यासारखी. एकेक बाजू सुमारें १९० फूट. महाद्वारास चार डोरिक स्तंभ, त्यांवरील त्रिकोणी शिरोभागांत घराण्याचें कुलचिन्ह, आणि त्याहीवर घड्याळाचा मनोरा. एखादा परका मनुष्य हिलाच वाडा समजला, तर त्याला हंसूं नये!

आंत मात्र सारी व्यवस्था घोड्यांच्या सोयीची. तळमजल्यावर ८० घोड्यांचीं ठाणें, लोहारसाळही तेथेंच. वरच्या मजल्यावर धान्याचीं कोठारें व मोतद्दारांच्या खोल्या. म्हणजे चंदी वर, घोडा खालीं, आणि चाकर हांकेच्या अंतरावर. शोभा व सोय यांचा असा मेळ खुद्द वाड्यांत सांपडत नाहीं. तेथें विल्यम राजा व मेरी राणी यांच्या मुक्कामासाठीं दालनेंच्या दालनें सजविलीं. तीं दोघें कधीं आलींच नाहींत.

परंतु ज्या ड्यूकनें घोड्यांच्या दाराशीं स्तंभ उभे केले, त्यानेंच एडेन्सर गांवाचीं कांहीं घरें पाडविलीं. कारण एवढेंच कीं, तीं वाड्यांतून दिसत होतीं. कोणी म्हणेल, पुढें सहाव्या ड्यूकनें १८३८ ते १८४२ मध्यें तेंच गांव दगडी घरांचें व टुमदार असें पुन्हां वसविलें. तें खरें, आणि त्याचें श्रेय त्याला दिलेंच पाहिजे. तरीही घोडा चढावर सर्वांस दिसेल असा, आणि खेडूत नजरेआड, ही योजना त्या दगडांत वाचतां येते. ती न वाचतां केवळ स्तंभांची स्तुति करणें आम्हांस अर्धवट वाटतें.

१९३९ सालीं पागेंतून शेवटचे घोडे गेले. त्याच वर्षीं युद्धामुळें वेल्समधील पेनरोस कॉलेज या विद्यालयाच्या मुली वाड्यांत राहावयास आल्या, व १९४६ पर्यंत त्यांची शाळा तेथेंच भरत असे. राजाराणीसाठीं सजविलेल्या त्या दालनांत या मुलींच्या खाटा लागल्या. पागेंत आतां उपाहारगृह व दुकानें आहेत. आणि वरच्या मजल्यावरील मोतद्दारांच्या खोल्यांत पुढें वाड्याच्या निवृत्त सेवकांचीं बिऱ्हाडें झालीं.