फुकट नको, दिवसा द्या!

गेल्या रविवारी आमच्या सोसायटीची मीटिंग झाली. विषय एकच, गच्चीवर सोलर बसवायचं की नाही. एका कंपनीचा माणूस टाय-बिय लावून आला होता. पहिल्याच स्लाइडवर भलंमोठं वाक्य : 'वीजबिल शून्य!' झालं, पुढचा तासभर अख्खी मीटिंग त्या शून्याभोवती फिरत राहिली. सबसिडी किती? पैसे किती वर्षांत फिटणार? मेंटेनन्स वाढणार का? ही वीज तयार कधी होते आणि आपण ती वापरतो कधी, हे मात्र एकानेही विचारलं नाही.

माझं भांडण नेमकं इथेच आहे. सौरऊर्जा आपण 'फुकट वीज' म्हणून विकतोय. पण मंडळी, ती फुकट नसते, ती दिवसाची असते. या दोन गोष्टींत जमीन-अस्मानाचा फरक आहे.

आधी थोडं इंजिनिअरिंग. पॅनेल म्हणजे सिलिकॉनच्या पातळ चकत्या. प्रत्येक चकतीत दोन थर, एकात इलेक्ट्रॉन जास्त, दुसऱ्यात त्यांची जागा रिकामी. दोन्ही थर जिथे भेटतात तिथे एक विद्युतक्षेत्र तयार होतं. प्रकाश पडला की इलेक्ट्रॉन सुटा होतो आणि हे क्षेत्र त्याला एकाच दिशेला ढकलतं. हा झाला डीसी करंट. इन्व्हर्टर त्याचा एसी करतो आणि आपला पंखा फिरतो. १९५४ साली बेल लॅबमध्ये पहिला कामाचा सिलिकॉन सेल बनला तेव्हा पडणाऱ्या प्रकाशापैकी जेमतेम ६ टक्क्यांची वीज व्हायची. आज बाजारातली चांगली पॅनेल्स २० ते २२ टक्के देतात. आपल्याकडे १ किलोवॉटमागे वर्षाच्या सरासरीने रोज साधारण ४ युनिट धरायला हरकत नाही.

आता स्लाइडवर नसलेल्या गोष्टी. पॅनेलला प्रकाश हवा असतो, उष्णता नको असते. तापमान २५ अंशांच्या वर गेलं की दर अंशाला साधारण ०.३ ते ०.४ टक्के वीज घटते. मे महिन्यात गच्चीवरचं पॅनेल ६० अंशांवर जातं, म्हणजे दहाएक टक्के तिथेच गेले. धूळ पुसली नाही तर आणखी जातात. पॅनेल २५ वर्षं टिकतं, पण इन्व्हर्टर बहुधा त्याआधीच बदलावा लागतो. आणि सगळ्यात मोठी गंमत म्हणजे लाइट गेली की बॅटरी नसलेलं साधं सोलरही बंद पडतं! खांबावर चढलेल्या वायरमनला आपल्या गच्चीवरून शॉक बसू नये म्हणून ते मुद्दाम तसं बनवलेलं असतं. हे ऐकल्यावर मीटिंगमधल्या अर्ध्या लोकांचे चेहरे पाहण्यासारखे झाले होते :)

मग 'शून्य बिल' येतं कुठून? नेट मीटरमधून. दुपारी सगळे ऑफिसात असताना आपण ग्रिडमध्ये वीज जमा करतो आणि रात्री आठला टीव्ही-एसी लावून परत काढतो. कागदावर हिशेब चोख. पण वीज म्हणजे काही बँकेतले पैसे नव्हेत. दुपारची वीज दुपारीच कोणीतरी वापरून टाकलेली असते. रात्री आठला आपल्या घरात येते ती कोयनेच्या पाण्याची किंवा चंद्रपूरच्या कोळशाची. बिल शून्य झालं म्हणून धूर शून्य होत नाही.

म्हणजे सोलर वाईट का? अजिबात नाही. पण त्याला त्याच्या जोडीचं काम द्या. दिवसा करता येतं, ढग आले तर तासभर थांबतं आणि पावसाळ्यात फारसं लागतही नाही, असं काम कुठलं? आपल्या गावाकडे शेतकऱ्याच्या विहिरीवर ते कधीचं वाट बघत बसलंय.

आमचे नाना, म्हणजे माझे चुलते, संगमनेरच्या बाजूला शेती करतात. राज्य सरकारने २०२४ मध्ये साडेसात एचपीपर्यंतच्या कृषिपंपांची वीज पाच वर्षांसाठी मोफत केली. मी फोनवर म्हटलं, "नाना, मजा आहे बुवा तुमची." नाना म्हणाले, "वीज फुकट झाली रे, पण येती रातच्याला. बिबट्याला कोण सांगणार, हा माणूस फुकटातला हाय म्हणून?"

मला काही बोलताच आलं नाही. ज्या शेती फीडरला अजून सौरवीज जोडलेली नाही, तिथे थ्री फेज पाळीपाळीने येते, काही दिवस दिवसा, काही दिवस रात्री. कडाक्याच्या थंडीत, हातात बॅटरी घेऊन, विंचूकाट्यातून गव्हाला पाणी धरायला जायचं. नाहीतर पंपाला ऑटो स्विच लावून घरी झोपायचं. मग पाणी बांध फोडून शेजारच्या रानात जातं आणि वीज आली रे आली की सगळे पंप एकदम सुरू होऊन डीपी जळते. त्या माणसाला बिल माफ करून आपण काय दिलं? त्याला रात्रीची झोप हवी होती.

उपाय आपल्याकडेच सुरू झालाय. २०१७ च्या मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेची, आणि २०२३ ला आलेल्या तिच्या दुसऱ्या आवृत्तीची कल्पना साधी आहे : सबस्टेशनजवळ छोटा सौर प्रकल्प उभारायचा आणि शेतीच्या फीडरला दिवसा वीज द्यायची. महागडी बॅटरी कशाला, भरलेलं शेततळं हीच बॅटरी! माझ्या मते एकेकाच्या बांधावर सुटा सोलर पंप वाटण्यापेक्षा हे कितीतरी शहाणपणाचं आहे. सुटा पंप बंद असला की त्याची पॅनेल्स नुसती ऊन खात बसतात. फीडरवरची उरलेली वीज निदान ग्रिडला जाते. जिथे लाइनच पोचत नाही तिथे सुटा पंप जरूर द्या.

यात धोके नाहीत असं नाही. दिवसा आणि तीही फुकट वीज मिळाली तर माणूस बोअर कोरडा पडेपर्यंत पंप चालवेल. म्हणूनच मी म्हणतो, फुकट नको. परवडेल असा दर लावा, मीटर बसवा, ठिबकला मदत करा. प्रकल्पासाठी माळरान घ्या, बागायत जमीन नको. आणि ही पॅनेल्स पुढे भंगारात निघतील तेव्हा ती कोण उचलणार, हे आजच करारात लिहून घ्या.

असो. मीटिंगच्या शेवटी मी सेक्रेटरी काकांना एवढंच विचारलं, "आपला पाण्याचा पंप पहाटे पाचला आणि रात्री नऊला का चालतो? दुपारी बाराला टाकी भरली तर?" ते म्हणाले, "पहिल्यापासून तसंच आहे."

वीस लाखांचं सोलर बसवायला सगळे तयार होते. पंपाचा टायमर बदलायचं मात्र पुढच्या मीटिंगवर गेलं.