क्यूआर कोड टाळेबंदीच्या आधीचा



गेल्या अंकातील लेख करोनाकाळातल्या ऑनलाइन तासांनाच मिश्र अध्यापन समजतो. ही गल्लत आहे. मिश्र अध्यापनात डिजिटल साधनांच्या जोडीला शिक्षकाचे वर्गातले शिकवणेही असते.

मिश्र अध्यापनाचे खूळ टाळेबंदीने आणले, हेही खरे नाही. माढा तालुक्यातील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत रणजितसिंह डिसले यांनी पाठ्यपुस्तकांना चित्रफिती उघडणारे क्यूआर कोड जोडले ते त्याआधीच. डिजिटल धड्यांचे ‘दीक्षा’ हे सरकारी व्यासपीठही २०१७चे. २०२०मध्ये डिसले यांना ग्लोबल टीचर प्राइझ मिळाले, तेव्हा जगाचे लक्ष गेले, इतकेच.

घरात एकच मोबाइल आणि तोही वडिलांबरोबर शेतावर, हा लेखातला मुद्दा मान्य. म्हणूनच तर चित्रफीत शाळेत सर्वांनी मिळून पाहायची, मध्येच थांबवून प्रश्न विचारायचे आणि गणित फळ्यावर सोडवायचे. थकलेल्या वीजबिलापायी शाळेतला प्रोजेक्टर बंद पडतो, त्यावर मात्र लेखात एक ओळही नाही.

– एक निवृत्त शिक्षिका, बार्शी