विश्लेषण : वॉशिंग मशीनचा खडखडाट, मेकॅनिकला बोलावण्याआधी काय तपासावे?

स्पिन सुरू झाले की मशीन थरथरते, जागेवरून सरकते आणि आवाज शेजारपाजारी जातो. लगेच मेकॅनिकला फोन होतो. पण आवाज म्हणजे बिघाडच, असे नाही. आवाज केव्हा येतो, हे ओळखले तरी नको तो खर्च टाळता येतो.

फक्त स्पिनमध्ये धडधड?
एकच जाड चादर एका बाजूला गोळा झाली तरी तोल बिघडतो. ड्रमचा वेग दुप्पट झाला की असमतोलाचा जोर चौपट होतो. कपडे सोडवून नीट पसरावेत. तरीही थरथर राहिल्यास पाय तपासावेत. धुण्याच्या जागेला जाळीकडे उतार असतो, त्यामुळे एखादा पाय अधांतरी राहतो. मोबाइलमधील लेव्हल अ‍ॅप वापरून पाय फिरवत मशीन समतल करता येते. फ्रंट लोड मशीन नवे असेल, तर मागचे वाहतुकीचे बोल्ट काढल्याची खात्री करावी.

पाणी सोडताना खडखड?
बहुतेक फ्रंट लोड मशीनमध्ये खालच्या कोपऱ्यात पंपाचा फिल्टर असतो. त्यात नाणी, हेअरपिन, बटणे अडकतात. प्लग काढून, पाणी गार झाल्यावर, खाली ताट ठेवून तो उघडावा.

कुठे थांबावे?
प्लग काढून रिकामा ड्रम हाताने फिरवावा. घरघर येत असेल किंवा ड्रम वर-खाली सैल हलत असेल, तर बेअरिंगचा संशय घ्यावा. ते काम मेकॅनिकचेच. मात्र टाळाटाळ केल्यास शाफ्टही खराब होऊ शकतो. मागचे झाकण स्वतः उघडू नये. कॅपॅसिटरमध्ये प्लग काढल्यानंतरही विद्युतभार राहू शकतो आणि वॉरंटीही जाऊ शकते.

माहिती हाही हक्कच
केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने डिसेंबर २०२२ मध्ये ‘राइट टू रिपेअर’ पोर्टल सुरू केले. त्यात घरगुती उपकरणांचाही समावेश आहे. पण दुरुस्तीचा हक्क खरा तेव्हाच, जेव्हा सुट्या भागांच्या किमती आणि अशा प्राथमिक तपासण्या कंपन्या सोप्या मराठीत देतील. तोपर्यंत आवाजाचा व्हिडिओ काढून मेकॅनिकला दाखवावा. आवाज कधी आणि कुठून येतो, हे सांगू शकणाऱ्या ग्राहकाला ‘मोटरच बदलावी लागेल’ असे सांगून गंडवणे सोपे नसते.