वेगाची गाडी आणि उसाची ट्रॉली



मागील वार्षिक सर्वसाधारण सभेच्या दिवशी कारखान्याच्या आवारात झाडाखाली माझी गाडी उभी होती. चार-पाच सभासद मंडळी भोवती जमली होती. त्यांतील एका बुजुर्ग सभासदाने गाडीच्या टपावर हात ठेवून मला विचारले, "पाव्हणं, ही गाडी किती एकराची?"

सगळे हसले, मीही हसलो. पण उत्तर मात्र मला देता आले नाही. घरी गेल्यावर वही-पेन्सिल घेऊन बसलो आणि हिशेब मांडला. तो हिशेब, आणि त्यानंतर यंदाच्या हंगामात घडलेला एक प्रकार, सभासदांपुढे ठेवावा म्हणून हा लेखनप्रपंच.

गाडी म्हणजे स्कोडा ऑक्टाव्हिया आरएस २४५. साधी ऑक्टाव्हिया आपल्याला परकी नाही. २००१ सालापासून ती छत्रपती संभाजीनगरजवळच्या शेंद्र्याच्या कारखान्यात जोडली जात होती. ही आरएस मात्र तिची तालमीत घुमलेली बहीण. २०२० साली परदेशातून तयार होऊन आलेल्या फक्त २०० गाड्या आपल्या देशात विकायला काढल्या होत्या. किंमत ३५ लाख ९९ हजार, तीही कर आणि विमा सोडून. आपल्या राज्यात वीस लाखांवरच्या पेट्रोल गाडीला १३ टक्के वाहन कर पडतो, तो निराळाच.

मी काही नवी घेतलेली नाही. रस्त्यात गेलेल्या जमिनीचा मोबदला हातात आला, चिरंजीवांनी पुण्यात एक वापरलेली गाडी हेरून ठेवली होती, आणि बापाचं मन पाघळलं. कारभारीण म्हणाली, "जमीन गेली ती गेली, आता पैसा पण पळवा." तिचे म्हणणे मी त्या वेळी मनावर घेतले नाही. आता थोडे थोडे घेतो.

तर हिशेब असा. २०२५-२६ च्या हंगामाला १०.२५ टक्के उताऱ्यास टनाला ३,५५० रुपये एफआरपी. त्या भावाने नव्या गाडीच्या नुसत्या किमतीला १,०१४ टन ऊस लागतो. एकरी चाळीस टनाची सरासरी धरली तर पंचवीस एकरांचा ऊस झाला. आणि त्यातून तोडणी-वाहतूक, बी-बियाणे, खत, पाणीपट्टी, सोसायटीचा हप्ता काही वजा केलेले नाही. म्हाताऱ्याचा प्रश्न थट्टेचा नव्हता, हे मला वहीवर कळले.

आता गाडीचे गुण. खोटे कशाला बोलू, गाडी गुणाची आहे. दोन लिटरचे टर्बो पेट्रोल इंजिन, २४५ अश्वशक्ती. म्हणजे आपले पन्नास अश्वशक्तीचे पाच ट्रॅक्टर एका बॉनेटखाली जुंपल्यासारखे. उभ्या गाडीला शंभराचा वेग गाठायला कंपनीच्या आकड्याप्रमाणे ६.६ सेकंद लागतात. सात गिअर आपोआप पडतात, पायाला क्लच नाही. पुढे ट्रकची रांग असली आणि समोरचा रस्ता मोकळा दिसला, तर नुसता पाय दाबायचा, गाडी केव्हा पुढे गेली ते कळतसुद्धा नाही. वळणाला जमीन सोडत नाही. ब्रेक असे की आतल्या माणसाने पट्टा लावलेला बरा.

आणि एवढे असून चार दरवाजे, पाच माणसे, मागची डिकी ५९० लिटरची. लग्नाला जाताना आहेराच्या पिशव्या, ट्रंका, वर आंब्याची पेटी, सगळे आत बसते. बाहेरून पाहणाऱ्याला सरळ साधी गाडी वाटते. मिरवायची हौस असणाऱ्याने ही घेऊ नये, त्याला दाराशी उंच जीप लागते.

आता दोष सांगतो. तेही गाडीचे कमी आणि आपल्या मुलखाचे जास्त. तिचे पोट जमिनीपासून जेमतेम पाच इंच. मळ्याच्या वाटेवर ट्रॅक्टरच्या चाकोऱ्यांमध्ये जो उंचवटा असतो, तो हिच्यासाठी डोंगर. पहिल्याच महिन्यात मी शहाणपणा करून विहिरीपर्यंत गाडी नेली आणि खालचे कवच घासून फाडून घेतले. चूक गाडीची नव्हती, माझी होती. तेव्हापासून गाडी डांबरीवर थांबते आणि मालक मळ्यात चालत जातो. तेवढाच व्यायाम.

टायर रुंद, चाके अठरा इंची आणि रबराची भिंत बोटभर. खड्ड्यात जोरात गेली की टायर फुगतो, नाहीतर रिम वाकते. चार टायर बदलायला मला साठ हजारांवर खर्च आला. उसाच्या भाषेत सतरा टन. बूड कडक असल्यामुळे आईला दवाखान्यात नेताना ती म्हणाली, "बाबा, एसटी बरी." पेट्रोलचे विचाराल तर गावात नऊ, मोठ्या रस्त्यावर बेताने चालवली तर बारा-तेरा. परदेशातून आलेल्या गाडीचा एखादा भाग लागला तर तो कोपऱ्यावरच्या दुकानात मिळत नाही, वाट बघावी लागते.

निगा राखण्याबद्दल एवढेच सांगेन की, बैलाची राखतो तशी राखावी. वर्षाला किंवा पंधरा हजार किलोमीटरला, जे आधी येईल तेव्हा, इंजिनचे तेल बदलायचे, आणि तेही सांगितलेल्या प्रतीचेच. स्वस्तातले तेल टर्बोला सोसत नाही. गिअरपेटीला तिचे स्वतंत्र तेल असते, वापरलेली गाडी घेणाराने ते कधी बदलले याची पावती मागावी. पंधरवड्याला टायरमधील हवा बघावी, ब्रेकच्या पट्ट्या दर वेळी मोजून घ्याव्यात. लांबून पळवून आणल्यावर इंजिन लगेच बंद न करता शेवटचे दोन-तीन किलोमीटर सावकाश चालवावी, टर्बो निवतो. आणि अशी गाडी पीककर्जावर किंवा न आलेल्या ऊसबिलावर कधीही घेऊ नये. कायद्याने ऊस गेल्यापासून चौदा दिवसांत पैसे मिळायला हवेत, पण हप्त्याची तारीख कोणाच्या बिलाची वाट बघत नाही.

येथे इथेनॉलचाही विषय निघतो. पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल मिसळण्याचे उद्दिष्ट २०२५ साली देशात गाठले गेले. लिटरमागे इथेनॉलची ताकद पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांशाने कमी, त्यामुळे गाडी थोडी जास्त पिते. वीस टक्के मिश्रणाला धरून गाड्या सर्रास बनू लागल्या त्या २०२३ पासून, माझी २०२० ची. म्हणून नळ्या, रबरी सील यांवर लक्ष ठेवतो आणि थोड्या पेट्रोलवर गाडी महिनोन्महिने उभी करत नाही, कारण इथेनॉल हवेतला ओलावा ओढते. उलट बाजूला इथेनॉलचा ऑक्टेन वरचा, टर्बो इंजिनाला तो मानवतो. पंपावर मी कुरकुरतो आणि आसवनी चालली म्हणून सभेत टाळ्याही वाजवतो. माझे दोन्ही खिसे एकाच सदऱ्याचे आहेत, हे मला मान्य केले पाहिजे. उसाला भाव हवा असेल तर लिटरमागे किलोमीटरभर कमी चालल्याची तक्रार आपण तरी जपून करावी, असे माझे मत आहे. मात्र जुन्या गाडीवाल्याला खरी माहिती मिळायला हवी, हेही तितकेच खरे.

आता ज्या गोष्टीसाठी लिहायला बसलो ती.

यंदाच्या हंगामात, जानेवारीत, पुण्याहून रात्री परत येत होतो. चौपदरी रस्ता, मर्यादा शंभराची, आणि काटा एकशे पंधरावर. खोटे बोलत नाही, या गाडीत एकशे पंधरा हा साठासारखा वाटतो. हाच तिचा सर्वांत मोठा गुण आणि हाच सर्वांत मोठा दोष. त्या वेगाला गाडी सेकंदाला बत्तीस मीटर जाते. समोरून येणाऱ्या वाहनाचा झोत डोळ्यांवर आला, तो गेला, आणि माझ्या दिव्यात एकदम उसाची वाढी दिसली. डबल ट्रॉली. मागे दिवा नाही, रिफ्लेक्टर नाही, काही नाही. नुसता ऊस, रात्रीत रात्र मिसळलेली.

ब्रेकवर उभा राहिलो आणि गाडी उजवीकडे ओढली. दुभाजक आणि ट्रॉलीचे चाक यांच्यामध्ये गाडी थांबली. डाव्या आरशाला उसाची पानं लागत होती. शेजारी बसलेली कारभारीण काही बोलली नाही. अजूनही त्या रात्रीबद्दल बोलत नाही.

मी उतरून भांडायला गेलो. ट्रॅक्टरवर विशीतला पोरगा, अंगावर घोंगडी. म्हणाला, "दादा, वायर तुटलीया. खेप टाकून आलो की जोडतो." वर उसावर त्याचा धाकटा भाऊ झोपला होता. माझ्या तोंडातले शब्द तोंडातच राहिले. मी जर धडकलो असतो तर माझ्या गाडीला हवेच्या पिशव्या आहेत, पट्टे आहेत. त्या झोपलेल्या पोराला काय होते?

रात्री तीनला घरी आलो. झोप येईना. बॅटरी घेऊन गोठ्याच्या मागे गेलो. तिथे माझ्या स्वतःच्या दोन ट्रॉल्या उभ्या. एकीच्या मागे रिफ्लेक्टर होता, त्यावर चिखलाचे बोटभर पुट. दुसरीच्या मागे फक्त खिळ्याची भोके. पस्तीस लाखांच्या गाडीची हवा पंधरवड्याला बघणारा मी, शे-दोनशे रुपयांची लाल पट्टी मला दोन हंगाम दिसली नव्हती.

बंधूंनो, गणित सरळ आहे. वेग दुप्पट झाला की थांबायला लागणारे अंतर चौपट होते. चांगल्या टायरवर, कोरड्या रस्त्यावर, साठाच्या वेगाने पंधरा मीटरांत थांबणारी गाडी एकशेवीसला साठ मीटर घेते, आणि पाय ब्रेकवर पोचेपर्यंत गेलेले अंतर वेगळेच. २०२५ साली समृद्धी महामार्ग शेवटपर्यंत खुला झाला, गावोगावचे रस्ते रुंद झाले, आपली पोरं वेगाच्या गाड्या घेणारच. त्यांना नाही म्हणून कोणी ऐकत नाही. पण त्याच रस्त्यावर वीस टन ऊस घेऊन पंधराच्या वेगाने चाललेली ट्रॉलीही आपलीच आहे. धडकणारा आणि ज्याला धडकायचे तो, दोघेही एकाच कारखान्याचे सभासद निघायला वेळ लागत नाही.

म्हणून संचालक मंडळास माझी नम्र विनंती आहे की, पुढील हंगामापासून मागे चालू दिवा आणि स्वच्छ रिफ्लेक्टर नसलेली ट्रॉली काट्यावर घेऊ नये. वजनाआधी वॉचमनने फडके मारून बघावे, एवढेच काम आहे. पट्ट्यांचा खर्च सभासदाच्या बिलातून कापला तरी कोणी हरकत घेणार नाही, आणि कोणी घेतलीच तर त्याच्याशी बोलायला मी येतो. तोडणी-वाहतुकीच्या टोळीवाल्यांना मात्र त्या फुकट द्याव्यात, ती माणसे आपल्या भरवशावर घर सोडून येतात.

माझ्यापुरते मी ठरवले आहे. दोन्ही ट्रॉल्यांना पट्ट्या आणि दिवे बसवले. गाळप चालू असेपर्यंत रात्री काटा सत्तरच्या वर जाणार नाही. चिरंजीवांना हे पटलेले नाही. ते म्हणतात, मग ही गाडी घेतली कशाला? प्रश्न वाजवी आहे. पण ज्या ब्रेकसाठी पैसे मोजले, त्या ब्रेकनेच त्या रात्री आम्हाला वाचवले, आणि ते पुन्हा वापरायची वेळ येऊ नये एवढीच माझी इच्छा.

आणि त्या बुजुर्ग सभासदांना उत्तर: दादा, नवी असती तर पंचवीस एकराची.

आपला नम्र,
एक ऊस उत्पादक सभासद