बोअरमध्ये अडकले, ते कोणाच्या खात्यावर?

तेलविहिरींच्या इंग्रजी परिभाषेत ‘फिशिंग’ नावाचे एक स्वतंत्र शास्त्र आहे. हजारो फूट खोल छिद्रात अडकलेला नळ, तुटलेले बिट किंवा मापनाचे यंत्र, डोळ्यांना काहीही दिसत नसताना, वरून हत्यारे सोडून बाहेर काढणे म्हणजे फिशिंग. आणि खाली अडकून राहिलेली वस्तू म्हणजे ‘फिश’. मराठीला हा शब्द उसना घेण्याचे कारण नाही. आपला गळ माशासाठीही आहे आणि आडात पडलेल्या पोहऱ्यासाठीही. लोखंडी आकड्यांचा तो झुबका गावात एखाद्याच घरी असे आणि पोहरा पडला की सारी आळी तोच मागून नेत असे.

आजचा धागा या गळाविषयी आहे. माझे म्हणणे आरंभीच नोंदवतो. जमिनीत छिद्र पाडणारे यंत्र बार्शी-सोलापूरकडे दुष्काळाबरोबर आले. परंतु अडकलेले काढायचे कोणी आणि नाही निघाले तर नुकसान सोसायचे कोणी, हा हिशेब त्या यंत्राबरोबर आला नाही. आज तो बोअरच्या तोंडाशी, बहुधा अपरात्री, वादावादीने होतो. जगात इतरत्र तो कागदावर होत आलेला आहे, आणि तोही बराच जुन्या काळापासून.

जुन्या काळापासून म्हणताना चीनमधील सिचुआन प्रांतातले झिगोंग डोळ्यांसमोर आहे. तेथे खाऱ्या पाण्यासाठी आणि ज्वलनवायूसाठी शेकडो वर्षे खोल छिद्रे पाडली गेली. जड लोखंडी बिट बांबूच्या चिवट पट्ट्यांच्या दोराला टांगायचे आणि माणसांनी फळीवर पाय देऊन ते उचलून आपटत राहायचे, अशी ती पद्धत. १८३५ साली शेनहाई नावाची विहीर या रीतीने सुमारे १,००० मीटर खोल गेली. इतक्या खोलवर दोर तुटणे आणि बिट अडकणे नित्याचेच असणार; म्हणून तेथल्या कारागिरांनी दाते, आकडे आणि पकडी असलेली काढणीची हत्यारे घडवली. पण मला त्या हत्यारांहून अधिक महत्त्वाचे वाटतात ते तेथले करारनामे. इतिहासकार मॅडलिन झेलिन यांनी झिगोंगच्या व्यापाऱ्यांवरील आपल्या २००५ च्या ग्रंथात त्यांचा सविस्तर अभ्यास केला आहे. छिद्र खोल जात असताना मूळ भागीदारांचा पैसा संपला, तर नवा भांडवलदार पुढचा खर्च कोणत्या अटीवर उचलणार आणि जुन्यांचा हिस्सा किती उरणार, हे तेथे लेखी ठरत असे. जमिनीखालचे काही दिसत नाही, म्हणून जमिनीवरचे तरी लिहून ठेवावे, एवढे शहाणपण त्या मीठवाल्यांकडे होते.

आता तेलाकडे येऊ. १९७४ साली ‘सागर सम्राट’ने मुंबईच्या पश्चिमेला समुद्रात तेल शोधले, हे आपण शाळेत शिकलो. तेथे तेलापर्यंत पोहोचणारी वस्तू म्हणजे पेचाने एकमेकांत बसवलेल्या पोलादी नळांची लांबच लांब माळ. ती अडकण्याची कारणे अनेक. दगडाचा चुरा पुरेसा वर न आल्याने भोवती बसतो, भिंत ढासळते, कधी चिखलद्रवाचा दाब नळाला सच्छिद्र खडकावर असा दाबून धरतो की तो हलेनासा होतो.

माळ अडकली की पहिला प्रश्न असतो, कोठे अडकली? उत्तर शोधण्याची रीत मोठी देखणी आहे. पोलाद ताणले की किंचित लांबते. ठरावीक ओढीला वरचा मोकळा भाग किती लांबला हे मोजले, की मोकळ्या नळाची लांबी काढता येते. जेथे ताण पोहोचत नाही तेथून पुढे माळ पकडली गेलेली आहे. मग वर-खाली हिसके देणारे ‘जार’ कामाला लावतात. तेही हरले, तर पकडीच्या वरच्या एखाद्या सांध्याशी तारेने लहानसा स्फोटक दोर सोडतात, माळेला उलटा पीळ देऊन ठेवतात आणि स्फोट करतात. पेच सैल होतो व वरची माळ सुटी निघते. उरलेल्या तुकड्यासाठी बाहेरून कवटाळणारा ‘ओव्हरशॉट’ किंवा आतून घुसून धरणारा ‘स्पिअर’ खाली जातो. तरीही न निघाल्यास छिद्राचा तेवढा भाग सिमेंटने बुजवून बाजूने नवा मार्ग काढतात.

हे सारे किती दिवस करत राहायचे, हा निर्णय रिगचे रोजचे भाडे, अडकलेल्या वस्तूची किंमत, बाजूने छिद्र पाडण्याचा खर्च आणि वस्तू निघण्याची शक्यता यांच्या गणिताने होतो. ती मिळाली नाही तर पैसे कोणाचे गेले, हेही करारात आधीच असते. काम दिवसाच्या भाड्याने असेल, तर गमावलेल्या अवजारांची भरपाई सामान्यतः तेल कंपनी करते. काम फुटाच्या दराने असेल, तर धोका बव्हंशी रिगमालकाकडे जातो. कारण लवकर काम संपवण्याचा लाभही त्याचाच असतो. मात्र खडकच असाधारण निघाला तर काय, याचे वेगळे कलम असते.

बार्शीत बोअर कोणत्या दराने मारतात? फुटाच्या.

ही तुलना थोडी ताणलेली वाटेल, म्हणून खडकाविषयी. आपल्या पायांखाली लाव्ह्याच्या थरांवर थर आहेत. १९९३ च्या भूकंपानंतर लातूर जिल्ह्यातील किल्लारी येथे अभ्यासासाठी जे खोल छिद्र पाडण्यात आले, त्यात ३३८ मीटरपर्यंत बेसाल्टच लागला. त्याखाली गाळाच्या खडकाचा पातळ थर आणि मग प्राचीन पायाभूत खडक. पश्चिमेला कोयना परिसरात गोठणे येथील छिद्रात बेसाल्टची जाडी १,२०० मीटरहून अधिक निघाली. हा काळा पाषाण सलग असता तर हॅमर क्वचितच अडकला असता. पण दोन लाव्हाप्रवाहांच्या मध्ये कोठे पोकळ्यांचा ठिसूळ खडक असतो, कोठे तांबड्या मातीचा थर असतो. बोअरच्या गाडीचा हॅमर दाबाच्या हवेवर चालतो आणि तीच हवा चुरा वर आणते. भेगेत हवा निसटली की चुरा हॅमरच्या डोक्यावर बसतो. तांबडी माती ओली झाली की रॉडभोवती तिचे कडे तयार होते. अशा वेळी घाईने उलटे फिरवले तर रॉडचे पेच सुटून हॅमर खालीच राहतो, हे गाडीवरच्या पोरालाही ठाऊक असते. हवा देत, पाणी-फेस सोडत, वर-खाली करत तो सोडवावा लागतो. तुटलाच तर आतील वा बाहेरील आटे कापत जाणारा टॅप खाली सोडून पकडावा लागतो. तत्त्व तेलविहिरीचेच, फक्त खोली आणि पैसा कमी.

पैसा कमी, असे म्हणताना कोणाच्या मानाने कमी, हे मात्र विचारले पाहिजे. तेल कंपनीला अडकलेला नळ हा ताळेबंदातील एक आकडा आहे. वैराग किंवा पांगरीकडच्या तीन-चार एकरवाल्याला एक फसलेले बोअर म्हणजे दोन वर्षांची उसनवारी.

हा धोका त्याच्याकडे आला कसा? येथे १९७२ चा दुष्काळ पाहावा लागतो. कठीण खडकात वेगाने छिद्र पाडणाऱ्या हॅमर-रिग महाराष्ट्रात आल्या त्या ख्रिस्ती मिशनांच्या, मदत संस्थांच्या, युनिसेफच्या आणि पुढे शासनाच्या. जालन्याला मिशनचे काम होते, सोलापुरात ‘सोलापूर वेल सर्व्हिस’ होती. त्या काळी छिद्रात हॅमर राहिला तर तो संस्थेचा किंवा सरकारचा जाई. गावकरी फक्त हळहळत. पुढे खासगी गाड्या आल्या, त्यांतील कितीतरी तमिळनाडूतील तिरुचेंगोडच्या. दुष्काळी काम बाजाराचे काम झाले. मालकी बदलली, दर ठरले, केसिंगचे वेगळे पैसे ठरले. अडकलेल्या वस्तूचा प्रश्न मात्र कोणी विचारलाच नाही. माझ्या मते धोक्याचे हे हस्तांतर कोणी कारस्थानाने केले नाही. ते कोणीच न लिहिल्यामुळे झाले, आणि न लिहिलेला धोका नेहमी दुबळ्याच्या पदरात जातो.

याच सोलापूरने याविरुद्धचा एक उत्तम धडा जगाला दिला आहे, हे आपल्या जिल्ह्यात फारसे कोणाला माहीत नसते. (बार्शी लाइट रेल्वेचे कौतुक आपण पुष्कळ करतो, थोडे इकडेही वळवावे.) सत्तरच्या दशकात खेड्यांतले ओतीव लोखंडाचे हातपंप भराभर मोडत, कारण मुळात ते एका कुटुंबाच्या वापराचे होते आणि राबत होते साऱ्या गावासाठी. त्या वेळी पोलादी बांधणीचा, एकाच खिळीवर फिरणाऱ्या दांड्याचा आणि साखळीचा ‘सोलापूर पंप’ टिकाऊ ठरला. त्याच्याच आधाराने ‘इंडिया मार्क दोन’ हातपंप घडला. १९७७-७८ च्या सुमारास मद्रासच्या कारखान्यात त्याचे उत्पादन सुरू झाले आणि पुढे तो आफ्रिकेतही पोहोचला. परंतु त्यात एक अडचण होती. खालच्या दट्ट्याचे चामडी वॉशर झिजले, की सगळी नळमाळ उपसावी लागे. त्यासाठी तिपाई, कप्पी, पथक, गाडी. म्हणून ऐंशीच्या दशकात ‘मार्क तीन’ आला. त्यात उभा नळ इतका रुंद केला की दट्ट्या त्याच्यातूनच वर ओढून घेता येतो आणि नळ जागीच राहतो. म्हणजे अभियंत्यांनी पंपाची रचनाच काढणीच्या बाजूने बदलली. खाली सोडण्याआधी वर कसे येईल याचा विचार झाला.

सबमर्सिबल मोटरच्या बाबतीत हा विचार पुन्हा हरवला. मोटर सोडताना दोर बांधला आहे का, केबल पाइपला नीट बांधत आणली आहे का, सैल वेटोळे मोटरवर पडून पाचर बसणार नाही ना, केसिंग तांबड्या थराच्या खाली गेले आहे का, या चार गोष्टींवर पुढची काढणी अवलंबून असते. येथे दोष गाडीवाल्याचा नसेलही. मोटर सोडणाऱ्याचा, कधी पैसे वाचवण्यासाठी केसिंग आखूड घेणाऱ्या आपल्या माणसाचाही असतो. म्हणून हॅमर अडकणे आणि मोटर अडकणे या दोन प्रकरणांना एकच न्याय लावू नये. पहिल्यात फुटाचा दर घेणाऱ्याने धोका घ्यावा, असे मला स्पष्ट वाटते. दुसऱ्यात काय अडकले, कोणत्या खोलीवर आणि कोणी सोडले होते, याची नोंद असल्याखेरीज न्याय करताच येणार नाही.

नोंदीचे सर्वांत टोकाचे उदाहरण तेलविहिरींतच आहे. खडकाची घनता आणि सच्छिद्रता मोजणाऱ्या काही यंत्रांत सीझियम-१३७ किंवा अमेरिशियमचा किरणोत्सर्गी स्रोत असतो. अशा काही यंत्रांची रचनाच अशी असते की माळ अडकली तरी तिच्या पोकळीतून तार सोडून स्रोत तेवढा काढून घेता यावा. तोही निघाला नाही, तर अमेरिकेच्या नियमानुसार तो सिमेंटने जागीच बंद करावा लागतो आणि विहिरीच्या तोंडाशी टिकाऊ धातूची पाटी कायमची बसवावी लागते. पाटीवर काय अडकले, किती खोल, कोणत्या तारखेला आणि कोणाच्या विहिरीत, हे कोरलेले असते. शंभर वर्षांनी तेथे कोणी दुसरे छिद्र पाडायला आले तरी त्याला कळावे.

आपल्या शेतातल्या हॅमरमध्ये किरणोत्सर्ग नाही, मान्य. पण भाऊवाटणीत किंवा विक्रीत जमीन दुसऱ्याकडे जाते आणि नवा मालक त्या ‘फेल’ बोअरमध्ये मोटर सोडू पाहतो, किंवा पुनर्भरणासाठी ओढ्याचे पाणी वळवतो, आणि खाली दीडशे फुटांवर लोखंडाचे बूच बसलेले असते. खरेदीखतात विहिरीतला सामाईक हिस्सा आणि पाण्याची पाळी आपण अक्षर न अक्षर लिहितो. विहिरींच्या वाट्यांविषयी इतका काटेकोर असलेला समाज बोअरविषयी मुका का झाला, हा माझ्या अभ्यासाच्या विषयाशी निगडित प्रश्न आहे आणि त्यावर वेगळा धागा लिहीन.

यासाठी नवा कायदा मागण्याची गरज नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०१० साली, मुले उघड्या बोअरमध्ये पडू लागल्यानंतर दिलेल्या निर्देशांत, छिद्र पाडणाऱ्या संस्थांची नोंदणी, सोडून दिलेली बोअर तळापासून बुजवणे आणि वापरातील व सोडलेल्या बोअरची जिल्हास्तरावर नोंद ठेवणे हे सांगितलेले आहे. २००९ चा महाराष्ट्र भूजल अधिनियमही विहिरींची आणि रिगमालकांची नोंदणी गृहीत धरतो. त्याच नोंदीत एक रकाना वाढवावा: आत काय राहिले आणि किती फुटांवर. आणि गाडी लावण्याआधी अर्ध्या पानाची चिठ्ठी व्हावी. तिच्यावर फुटाचा दर, केसिंगची लांबी, हॅमर अडकल्यास काढण्याचे प्रयत्न किती तास, त्या तासांचे पैसे कोण देणार, निघाला नाही तर हॅमर कोणाच्या खात्यावर आणि तेवढ्या फुटांचे पैसे द्यायचे की नाही, एवढेच असावे. गाडीवाले म्हणतील की असे लिहून घेतले तर दर वाढवावा लागेल. वाढू द्यावा. आजही तो दर शेतकरी देतोच. फक्त ज्याचा हॅमर अडकतो तो एकटाच सगळ्यांच्या वतीने देतो.