आराखडा कोणाचा?

पुण्यात कोट्यवधी लसमात्रा तयार होतात, याचा महाराष्ट्राला अभिमान वाटतो आणि तो रास्तच आहे. परंतु माल घडविणे वेगळे आणि आराखडा काढणे वेगळे. सीरम इन्स्टिट्यूटच्या ‘कोवोव्हॅक्स’ला भारतात डिसेंबर २०२१ मध्ये परवानगी मिळाली. तिचा आराखडा अमेरिकेतील नोव्हाव्हॅक्स कंपनीचा होता आणि त्यातील कळीची युक्ती तेथील सरकारी पैशावर चाललेल्या संशोधनातून आली होती.

ती युक्ती समजून घेण्यासारखी आहे. करोना विषाणूवरील काट्याचे प्रथिन पेशीत शिरताना आकार बदलते. उघडी छत्री मिटून तिची काठी व्हावी, तसे. शरीराच्या पहारेकऱ्यांना मिटलेलीच छत्री दाखविली, तर उघडी छत्री घेऊन येणारा शत्रू त्यांनी ओळखावा कसा? १९६६ साली अमेरिकेत आरएसव्ही या श्वसनमार्गाच्या विषाणूवर, मारलेल्या विषाणूची लस अर्भकांना टोचण्यात आली. लस घेतलेली मुले अधिकच आजारी पडली, दोन दगावली. त्या अपयशाला आकार हे एकच कारण नव्हते. पण त्या प्रथिनाची मूळ रचना २०१३ मध्ये उलगडली, तेव्हा कोठे वाट सापडली आणि लसीला मान्यता मिळायला २०२३ उजाडले. करोनाच्या वेळी हा धडा हाताशी होता. काट्याच्या १२७३ अमिनो आम्लांपैकी दोनच बदलून तेथे प्रोलीन बसविले, की छत्री उघडी राहते. टेक्सासमधील शास्त्रज्ञांनी ही रचना फेब्रुवारी २०२० मध्येच प्रसिद्ध केली.

हे शास्त्र आपल्याला परके आहे काय? प्रथिनाची साखळी कोणत्या कोनांत वळू शकते, याचा आलेख जी. एन. रामचंद्रन व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६३ मध्ये मद्रासला मांडला. जगभर प्रथिनांच्या रचना आजही त्यावर पारखल्या जातात. ‘कोव्हॅक्सिन’ पुण्याच्या राष्ट्रीय विषाणूविज्ञान संस्थेने वेगळ्या केलेल्या विषाणूपासून झाली, हेही खरे. पण ती मारलेल्या विषाणूच्या जुन्या पद्धतीची.

कारखानदारांना दोष देणे सोपे आहे. मात्र वर्षानुवर्षे छदामही न देणाऱ्या अभ्यासात खासगी भांडवल सहसा उतरत नाही. तो खर्च सरकारनेच सोसायचा असतो. आपण २०२०-२१ मध्ये संशोधनावर सकल उत्पादनाच्या अवघे ०.६४ टक्के खर्चिले. २०२१ च्या उन्हाळ्यात चंदनसारपासून चांद्यापर्यंत लोक लसीसाठी ताटकळले, तेव्हा कारखाने वाढविण्याची मागणी सर्वांनी केली. विद्यापीठांतील जीवरसायन विभागांना इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक आणि तो चालविणाऱ्या तरुणांना दरमहा वेळेवर पाठ्यवृत्ती, ही मागणी आजही कोणत्या पक्षाच्या जाहीरनाम्यात शोधावी?